सरंजाम कीं स्वामित्व? इ. स. १७७९ चा पुणें येथील तह आणि हेगचा निवाडा

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ता. १२ एप्रिल १९६० रोजीं पोर्तुगाल विरुद्ध हिंदुस्थान या वादाचा निवाडा दिला, त्यास आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. ज्या मुलखाकरितां तो वाद झाला त्या दादरा व नगरहवेली यांचा राजकीय प्रश्न पुढल्याच वर्षीं, ता. ११ ऑगस्ट १९६१ रोजीं ते हिंदी संघराज्यांत सामील झाल्यानें, मिटला. तरी कायदेपंडितांच्या ग्रंथांत हा निवाडा अद्याप जिवंत आहे, आणि राष्ट्रांमधील कायद्याच्या इतिहासाविषयीं हल्लीं जे वाद चालू आहेत त्यांच्या प्रकाशांत तो नव्यानें वाचण्याजोगा झाला आहे. आमच्या वाचकांस त्याचें अगत्य वाटण्याचें कारण निराळें. जगांतील श्रेष्ठ न्यायासनापुढें पेशवाईंतील एक तह व दोन सनदा मांडल्या गेल्या, आणि निकालाचा एक मोठा भाग ‘सरंजाम’ या एका शब्दाच्या अर्थावर उभा राहिला. दप्तरी भाषेच्या जाणकारीस याहून मोठी कसोटी लागल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

प्रथम हकीकत सांगूं. इ. स. १७७९ चें वर्ष पुणें दरबारास कसें होतें हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. जानेवारींत वडगांवास इंग्रजी फौजेस हार खाऊन करार करावा लागला होता, परंतु युद्ध मिटलें नव्हतें. तें सालबाईच्या तहापर्यंत, म्हणजे इ. स. १७८२ पर्यंत, चाललें. सवाई माधवराव पांच वर्षांचे, कारभार नाना फडणिसांच्या हातीं. अशा वेळीं पश्चिम किनाऱ्यावरील दुसरी टोपीकर सत्ता इंग्रजांस न मिळतां आपल्याशीं स्नेहानें राहावी, हा पुण्याचा हेतु सहज समजतो. पोर्तुगीजांचे वकील नारायण शेणवी धुमे यांच्या मार्फत बोलणें होऊन स्नेहाचा तह झाला, आणि त्यांत दमणच्या बाजूस बारा हजार रुपये वसुलाचीं गांवें पोर्तुगीजांस लावून द्यावीं असें ठरलें. पुढें इ. स. १७८३ व १७८५ या सालीं दोन सनदा होऊन गांवें त्यांच्या हवालीं झालीं. ‘हवेली’ हा शब्दही मुळीं वसुली दप्तरांतलाच. मुख्य ठाण्याभोंवतालचा परगणा तो हवेली. पुणें हवेली आपल्या परिचयाची आहेच.

इ. स. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत तेथील पोर्तुगीज अंमल उठला. दमणहून माणसें व शस्त्रें तिकडे पाठवावयाचीं तर मध्यें हिंदी मुलूख. तो वाट देईना. पोर्तुगालनें ता. १९ डिसेंबर १९५५ रोजीं न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि तिसऱ्याच दिवशीं फिर्याद गुदरली! ही घाई हिंदुस्थानच्या प्राथमिक आक्षेपांत आलीच, परंतु इ. स. १९५७ च्या निकालांत कांहीं आक्षेप फेटाळले गेले, कांहीं राखून ठेवले गेले, व वाद मूळ मुद्द्यांवर चालला. हिंदुस्थानच्या बाजूनें ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते. न्यायासनावर हिंदुस्थाननें नेमलेले न्यायमूर्ति म. क. छागला होते. फिर्यादीचा पाया असा कीं, इ. स. १७७९ च्या तहानें व त्यानंतरच्या सनदांनीं या गांवांचें सार्वभौमत्व आम्हांस मिळालें, आणि ज्याअर्थीं सार्वभौमत्व मिळालें त्याअर्थीं तेथें जाण्याची वाटही मिळाली.

हिंदुस्थाननें यावर दोन उत्तरें दिलीं. एक, हा तह यथाविधि पुरा झालाच नाहीं, सबब तो मराठ्यांवर बंधनकारक नव्हता. दुसरें, तह धरला तरी त्यानें व सनदांनीं केवळ वसुलाची नेमणूक झाली, राज्य दिलें गेलें नाहीं. न्यायालयानें पहिलें उत्तर फेटाळलें. मराठ्यांनीं त्या तहाच्या खरेपणाविषयीं केव्हांही संशय दाखविला नव्हता, एवढें कारण त्यास पुरेसें वाटलें. हें आम्हांस मनापासून योग्य वाटतें. ज्या दरबारानें शब्दाप्रमाणें सनदा करून दिल्या व गांवें सोडलीं, त्याचा तह अपुरा होता असें त्याच्याच वारसांनीं म्हणणें शोभणारें नव्हतें. वकिली पेंचांत तें चालत असेल, इतिहासांत चालत नाहीं. दुसरें उत्तर मात्र न्यायालयानें मान्य केलें. तहाचे जे निरनिराळे पाठ पुढें आले त्यांतील भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतु निघत नाहीं. सनदांतील शब्दांवरून तर जें दिलें तें जहागीर किंवा सरंजाम या नांवाची वसुली नेमणूकच होय. आणि अशी नेमणूक म्हणजे राज्याचें दान असें मानल्याचें एकही उदाहरण दाखविलें गेलें नाहीं, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे.

आतां ज्यांनीं सनदा हाताळल्या आहेत त्यांस यांत नवल कांहींच नाहीं. तह आणि सनद यांचें कार्य आपल्याकडे वेगळें असे. तहांत द्यावयाचें ठरतें. देणें घडतें तें सनदेनें, आणि सनदेबरोबर देशमुख-देशपांडे, मोकदम व जुना कमाविसदार यांस जाणाऱ्या पत्रांनीं. म्हणून काय दिलें हें सनदेंत पाहावें, ही न्यायालयाची वाट आपल्या दप्तराच्या रीतीस धरूनच आहे. इनामाची सनद घ्या. तींत कुलबाब, कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी येते. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप येतात. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेचा उल्लेख येतो. आणि अखेरीस ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ असा अपवाद येतो. भूमीच्या पोटांतील ठेव्यापर्यंत सर्व दिलें, तरी घेणारा राजा होत नाहीं. मग सरंजाम तर चाकरीसाठीं किंवा स्नेहासाठीं लावून दिलेला, आणि सरकारच्या मर्जीनें परत घेण्याजोगा. वंशपरंपरेनें दिलेल्या इनामानें जें साधत नाहीं तें सरंजामानें साधावें कसें? कैमुतिक न्यायानेंच याचें उत्तर मिळतें.

येथें संग्राहक मित्रांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण सनद मिळतांच शिक्का पाहतों, तारीख पाहतों, हस्ताक्षर कोणाचें याची चर्चा करतों, आणि मधला मजकूर ‘नेहमींचा’ म्हणून नकलेंत गाळतों. हेगचा निकाल या नेहमींच्या मजकुरावर लागला.

शास्त्राच्या अंगानेंही या प्रश्नाकडे पाहण्याजोगें आहे. निवाड्यांत तो धागा आलेला नाहीं. विश्वजित् यज्ञांत यजमानानें सर्वस्व द्यावयाचें असतें. यजमान राजा असल्यास त्यानें पृथ्वीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत उपस्थित झाला आहे. उत्तर नकारार्थी आहे: भूमि ही सर्वांस सारखीच आहे, सबब ती राजाच्या दानाचा विषय नव्हे. हाच विचार सतराव्या शतकांत नीलकंठ भट्टानें व्यवहारमयूखांत पुढें नेला. गांवें व शेतें यांवर स्वत्व त्या त्या भूमिधारकांचें. राजास आहे तो कर घेण्याचा अधिकार. म्हणून राजा जें ‘भूदान’ करतो तें खरें भूदान नसून वृत्तिकल्पन, म्हणजे निर्वाहाची सोय, होय, असें त्याचें म्हणणें. नीलकंठाचें घराणें मूळ पैठणचें, काशीस स्थायिक झालेलें. आणि त्याचा मयूख गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण या भागांत इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही हिंदु कायद्याचा प्रमाणग्रंथ मानला. दमणगंगेचें खोरें याच पट्ट्यांतलें. म्हणजे ज्या भूभागाविषयीं वाद, त्याच भूभागाच्या शास्त्रानें राजाचें दान म्हणजे वसुलाची सोय असें शंभर वर्षें आधीं सांगून ठेवलें होतें. नाना फडणिसांनीं सनद लिहवितांना मयूख उघडला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या समजुतींतून ती भाषा घडली ती समजूत एकच.

पोर्तुगीजांसही हा भेद अपरिचित नव्हता. दमणच्या गांवांच्या उत्पन्नांतून ते रामनगरच्या कोळी राजास पूर्वींपासून चौथ देत आले होते, आणि इ. स. १६७२ मध्यें रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनीं ती चौथ आपणांकडे मागितली. परक्या राजास वसुलाचा हिस्सा दिल्यानें दमणवरील आपलें राज्य गेलें असें लिस्बननें कधीं मानलें नाहीं. जो न्याय देतांना, तोच घेतांना लागू व्हावा.

इतकें झाल्यावर आमची शंकाही मांडली पाहिजे, नाहींतर हा लेख वकीलपत्र होईल. न्यायालयानें सरंजामास ‘केवळ’ वसुली नेमणूक म्हटलें, तो ‘केवळ’ शब्द आम्हांस खटकतो. वसुली धारणेचे हे वर्ग इंग्रजी महसूल खात्यानें एकोणिसाव्या शतकांत पाडले. पेशवाईंतील सरंजामदार त्या चौकटींत मावत नाहीं. पटवर्धनांचा सरंजाम पाहा. फौज त्यांची, किल्ले व ठाणीं त्यांच्याकडे, मुलखांतील न्याय-इन्साफ त्यांचा. इ. स. १८१८ नंतर इंग्रजांनीं त्यांच्याशीं करार केले, आणि सांगली, मिरज हीं संस्थानें म्हणून इ. स. १९४८ पर्यंत नांदलीं. सरंजामांतून संस्थान निघालें, हें आपल्या डोळ्यांसमोरचें उदाहरण. तसेंच इ. स. १७१९ मध्यें शाहूमहाराजांस दिल्लीहून मिळालेल्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा वसुलाच्याच होत्या, इ. स. १७६५ मध्यें शहा आलमनें कंपनीस दिलेली बंगालची दिवाणीही वसुलाचीच. या दोन्हींतून काय उभें राहिलें तें सर्वांस माहीत आहे.

तरी विचारांतीं आम्ही न्यायालयाच्याच निष्कर्षाकडे येतों. पटवर्धन संस्थानिक झाले ते पेशव्यांच्या सनदेनें नव्हे, नंतरच्या इंग्रजी करारांनीं. दिवाणीचें राज्य झालें तें फर्मानाच्या अक्षरांनीं नव्हे, पुढील बळानें व काळानें. सनद बीजरूप असेल. पण तिच्यांत नसलेलें तिच्या माथीं मारतां येत नाहीं. न्यायालयाचा निष्कर्ष बरोबर, त्यासाठीं वापरलेला शब्द अपुरा, असें आमचें मत आहे.

आणि गंमत अशी कीं, न्यायालयही पुढच्याच परिच्छेदांत याच काळाच्या करणीकडे वळलें. मराठ्यांच्या मागून इंग्रज आले. त्यांनीं पोर्तुगीजांस त्या गांवांत पूर्ण व एकमेव अंमल करतांना पाहिलें, व जसें पाहिलें तसें राहूं दिलें. मराठ्यांचे उत्तराधिकारी म्हणून त्यांनीं स्वतः हक्क सांगितला नाहीं, आणि पोर्तुगालचा हक्क उघडपणें मान्यही केला नाहीं. या मौनांतून पोर्तुगालचें सार्वभौमत्व वस्तुतः व अर्थतः मान्य झालें, आणि स्वतंत्र हिंदुस्थाननेंही तें मूकपणें पुढें चालविलें, असें ठरलें. ज्या सरकारनें इ. स. १८५२ चा कायदा करून इनाम कमिशनच्या द्वारें देशावरील ब्राह्मणांचीं, गोसाव्यांचीं, देवस्थानांचीं दोन-दोन बिघ्यांचीं इनामें चाळून काढलीं, त्याच सरकारनें या बहात्तर गांवांच्या सरंजामाचा कागद पाहावयास मागितला नाहीं! मौनानें राज्य मिळतें हें तत्त्व मान्य केलें, तर तें मौन कोणाचें व कोणाच्या जिवावर, हा प्रश्न उरतोच. गांवच्या वारली-कोंकण्यांस त्यांत कोणीं विचारलें नाहीं.

शेवटचा निकाल त्रिविध लागला. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्या जाण्या-येण्याचा हक्क सव्वाशें वर्षांहून अधिक काळच्या एकसारख्या वहिवाटीनें सिद्ध झाला: अकरा मतें विरुद्ध चार. दोनच राज्यांमधील वहिवाटीसही कायद्याची योग्यता येऊं शकते, हें न्यायालयानें तेथें स्पष्ट केलें, व त्यासाठींच विद्यार्थ्यांस हा निकाल शिकवितात. फौज, हत्यारी पोलीस, शस्त्रें व दारूगोळा यांचा हक्क मात्र नाहीं: आठ विरुद्ध सात. आणि इ. स. १९५४ मध्यें वाट बंद करण्यांत हिंदुस्थाननें कर्तव्यभंग केला नाहीं: नऊ विरुद्ध सहा. छागला यांनीं भिन्न मत लिहिलें. हत्यारी माणसांची गोष्ट इंग्रजांच्या वेळेसच परवानगीची होती. इ. स. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारांत तशी अट होती, आणि इ. स. १९४० च्या ठरावांत दहांहून अधिक नसलेली पोलीस तुकडी गेल्यावर चोवीस तासांत वर्दी द्यावी इतकीच सवलत झाली होती. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवास ‘अचाटभटप्रवेश्य’ हें विशेषण येतें, म्हणजे राजाच्या शिपायांनीं तेथें शिरूं नये. शस्त्रधाऱ्याच्या पावलास वेगळा नियम लावणें हें आम्हां ताम्रपटवाचकांस जुनेंच वाटतें. आणि तें विशेषण लाभलेल्या अग्रहारालाही कोणी राज्य म्हटलें नाहीं.

आतां हल्लींच्या पंडितांचा वाद. चार्ल्स हेन्री अलेक्झांद्रोविच हे मद्रासेस अध्यापक होते. त्यांनीं इ. स. १९६७ मध्यें पूर्वेकडील राष्ट्रांमधील कायद्याच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय व आशियाई सत्ता एकमेकांशीं बरोबरीच्या नात्यानें तह करीत. एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय शास्त्र्यांनीं ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांचा गोतावळा आंखून आशियास बाहेर काढलें, असें त्यांचें प्रतिपादन. अँटनी अँघी यांचा ग्रंथ या शतकाच्या आरंभींचा. त्यांस हें चित्र फार सोज्वळ वाटतें. त्यांच्या मतें सार्वभौमत्वाची कल्पनाच वसाहतींच्या झटापटींत घडली, आधीं तयार होऊन मग बाहेर गेली असें नाहीं. लॉरेन बेंटन या विदुषी इ. स. २०१० च्या ग्रंथांत सांगतात कीं, साम्राज्यांत सार्वभौमत्व सलग रंगाच्या नकाशासारखें कधीं नव्हतेंच. तें थरांचें, तुटक, वाटांनीं व ठाण्यांनीं पसरलेलें होतें. आमचा सरंजाम या तिसऱ्या चित्रांत सर्वांत नीट बसतो.

याहून तीव्र वाद पद्धतीचा आहे. इतिहासकार म्हणतात, जुना शब्द त्याच्या काळांतच वाचा; आजच्या कायद्यासाठीं तो ओढणें हा कालविपर्यास. ॲन ऑर्फर्ड या कायदेपंडिता, विशेषतः इ. स. २०२१ च्या ग्रंथांत, उलट म्हणतात कीं, कायद्याचें कामच मुळीं जुन्या वचनास नव्या प्रसंगीं बोलतें करण्याचें. इतिहासकार निःपक्षपाती पुरावा देतो ही समजूत भाबडी आहे. मीमांसा शिकलेल्यास हा वाद घरचा वाटतो. शबरानें वैदिक विधीचा अर्थ लावला तो वेदकालाचा इतिहास म्हणून नव्हे; आणि तरीही पदाचा अर्थ मनास येईल तसा करण्याची मोकळीक त्यानें कोणास दिली नाहीं. दोन्ही पक्षांनीं एकदां सरंजामी सनद मुळांत वाचावी, एवढेंच आमचें मागणें.

कारण शब्द न जाणतां निकाल झाल्यास काय होतें याचे दाखले ताजे आहेत. इ. स. १८८४ मध्यें जुन्या कालाबारच्या राजांनीं व सरदारांनीं इंग्लंडशीं संरक्षणाचा तह केला. इ. स. १९१३ मध्यें इंग्लंडनें तोच बकासीचा मुलूख जर्मनीच्या हद्दींत घातला, आणि इ. स. २००२ मध्यें हेगच्या न्यायालयानें, इंग्लंडास तो अधिकार होता असें ठरवून, बकासी कामेरूनकडे दिली. ज्याचें रक्षण करावयाचें तेंच देऊन टाकण्याचा अधिकार रक्षकास कसा, असा आक्षेप त्याच न्यायासनावरील कांहीं न्यायाधीशांनीं नोंदविला आहे. दुसरा दाखला पेद्रा ब्रांका या खडकाळ बेटाचा. जोहोरची सुलतानशाही हें राज्य होतें व बेट मूळ तिचेंच, हें इ. स. २००८ च्या निकालांत मान्य झालें. परंतु इ. स. १९५३ मध्यें जोहोरच्या एका अधिकाऱ्यानें, आपलें सरकार बेटाच्या ‘मालकीचा’ दावा करीत नाहीं, असें पत्र लिहिलें होतें. मालकी व सार्वभौमत्व भिन्न, हें न्यायालयानें तत्त्वतः कबूल केलें, आणि या पत्रांत मात्र मालकी म्हणजे सार्वभौमत्वच असें धरलें. बेट सिंगापूरचें ठरलें. पुण्याच्या सनदेंत वसुली आणि राज्य यांतील जो भेद पोर्तुगालच्या विरुद्ध गेला, तोच भेद जोहोरच्या पत्रांत पुसला गेला. निर्णयाचीं इतरही कारणें होतीं हें खरें. पण एका कारकुनी पत्रांतील शब्दास इतकें वजन येतांना पाहून आम्ही थबकलों.

आमच्या स्वतःच्या चुकीची नोंदही येथेंच करतों. तीसहून अधिक वर्षें आम्ही वर्गांत सांगत आलों कीं, नगरहवेली मराठ्यांनीं पोर्तुगीजांस ‘देऊन टाकली’. आमच्या टिपणवहींतही तसेंच आहे, आणि त्या वहीच्या नकला कित्येक विद्यार्थ्यांनीं नेल्या. मूळ वहींत आतां तो शब्द खोडून ‘सरंजामास लावून दिली’ असें लिहिलें आहे. नेलेल्या नकला ज्यांच्याकडे असतील त्यांनीं तशी दुरुस्ती करून घ्यावी.